मेन पाडायचा नाही

वायरमनच्या घरातली लाइट गेली की आल्यागेल्याला एक टोमणा मारल्याशिवाय चैन पडत नाही. "काय हो, तुमच्याकडेसुद्धा अंधारच?" सासूबाई त्यावर हसून न हसल्यासारखं करायच्या. सून मात्र शांतपणे सांगायची, की आमची गल्ली सगळ्यांत शेवटी होते. आणि ते खरंच होतं. तिच्या नवऱ्याने तसा नेमच घालून घेतला होता. वादळात तारा तुटल्या की आधी दवाखाना, मग पाण्याचा पंप, मग बाजार, मग बाकीच्या गल्ल्या, आणि साऱ्यांच्या घरात उजेड पडला की मग आपली. वायरमनचं दार आधी उजळलं तर लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत, पण पाठ वळली की म्हणतील, असं त्याचं म्हणणं.

या खेपेचं वादळ तिसऱ्या दिवशीही काढता पाय घ्यायला तयार नव्हतं. नवरा पहाटेच गेला होता. फोन कालपासून मुके झाले होते. दुपारचे साडेतीन वाजले असतील, पण खिडकीतून पाहावं तर सांज होऊन गेल्यासारखं आभाळ खाली आलेलं. गल्लीच्या कोपऱ्यावर, खांबाशेजारच्या झाडाची एक मोठी फांदी पहिल्याच दिवशी मोडून तारेवर बसली होती. तार तुटून तिचं टोक त्या फांदीत अडकून लोंबत होतं. त्या कोपऱ्याच्या अलीकडे घरं दोनच. एक वायरमनचं आणि एक समोरचं, शिंपीणबाईंचं. ते आठ महिने बंद होतं. बाई वारल्या, भाचा येऊन चार दिवस राहिला, कुलूप लावून गेला, तो परत फिरकला नाही.

खरी काळजी होती ती सासूबाईंच्या छातीची. त्यांना दम्याची जुनी खोड. सकाळ-दुपार मशीनवर वाफ घेतली की बाईमाणूस ठणठणीत, भाजी चिरायला, टोमणे मारायला, शेजारणीच्या सुनेची चौकशी करायला मोकळ्या. पण वाफ चुकली की छातीत बारीक शिटी वाजायला लागे. काल दिवसभर त्यांनी तोंडात मारायच्या फवाऱ्यावर काढला होता. आज तोही संपत आला. जेवणं झाल्यावर सून भांडी विसळत होती, तेव्हा तिला आतल्या खोलीतून ती शिटी ऐकू आली. तिने हात पुसले आणि मागचं दार उघडलं.

जनरेटर मागच्या अंगणात पत्र्याखाली होता. घरापासून चांगली पंधरा पावलं लांब, धुराचं तोंड कुंपणाकडे. जागा नवऱ्याने मोजून ठरवली होती. त्या धुरातल्या विषाला वास नसतो, भिंतीजवळ ठेवलास तर झोपेतच सगळे गार होतील, असं त्याने तिला दोनदा बजावलं होतं. मशीन घेऊन दोन वर्षं झाली. त्याच्याबरोबर जनरेटरच्या आणि बाहेरच्या विजेची अदलाबदल करणारा एक स्विचही आणला होता, म्हणजे दोन्ही विजा कधी एकमेकींना भेटूच नयेत. तो खोक्यासकट कपाटावर पडून होता. साऱ्या गावाची कामं करणाऱ्या माणसाला घरचं काम करायला रविवार मिळत नव्हता. तोवर सोय म्हणून त्याने एक लांब वायर केली होती, दोन्ही टोकांना पिन असलेली. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं वॉशिंग मशीनच्या प्लगमध्ये, की सगळ्या घरात वीज. घरात तिला दुतोंडी म्हणत. ती फक्त त्यानेच लावायची, असा दंडक होता. साधी लांब वायर असती तर वाफेचं मशीन थेट जनरेटरलाच जोडता आलं असतं, पण ती तो पहिल्याच दिवशी ऑफिसात घेऊन गेला होता.

सून शाळेच्या वाचनालयात कामाला होती. छापलेलं किंवा लिहिलेलं काही समोर आलं की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. जनरेटरच्या दांडीला नवऱ्याने एक पुठ्ठा बांधला होता, त्यावर त्याच्या किरट्या अक्षरात सगळं क्रमाने लिहिलेलं. तिने तो सोडून घरात आणला. पहिली ओळ होती, 'मेन पाडणे.' दुसरी, 'परत बघणे, पडलाय का.'

मेन स्विच पुढच्या दारामागे होता. तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि खटक्याला हात लावला, तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या भिंतीला धरून दारात उभ्या होत्या.

"कशाला हात लावतेस तिथे?"

"मेन खाली करायचाय, आई. ह्यांनीच लिहिलंय, पहिलंच काम."

"तो घरी असतो तेव्हा करतो. आज तो बाहेर आहे." त्यांना एवढं बोलायलाही दोनदा थांबावं लागलं. "माझी वाफ राहिली तर राहू दे. पण तो खांबावर असताना या घरातला मेन पाडायचा नाही."

सुनेने हात मागे घेतला. तिला कारण ठाऊक होतं, घरातल्या सगळ्यांनाच होतं, आणि कुणी ते उगाळत नसे. सासरेही वायरमनच. वीस वर्षांपूर्वी एका सकाळी घराला रंग देणारा आला, भिंत ओली करायची म्हणून त्याने मेन खाली करायला सांगितलं. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने केला. त्याच तासाला सासरे खांबावरून पडले. विजेने नाही, पाय घसरून. डॉक्टरांनी समजावलं, ऑफिसातल्या साहेबांनी समजावलं, आणि त्यांनाही समजत का नव्हतं. पण हात त्यांचा होता. तेव्हापासून मुलगा ड्यूटीवर असला की मेन वरच राहायचा. दिवे नसोत, पंखा नसो, खटका वर. मुलगा आधी हसला होता, मग आईचा शब्द म्हणून त्याने तो पाळला. लग्न होऊन आल्यावर सुनेनेही पाळला. खरं सांगायचं तर आज खटक्याला हात लावणं तिलाही नकोच वाटत होतं.

तिने उभ्या उभ्या विचार केला. जनरेटरच्या पुस्तकात तिने वाचलं होतं, की मशीन चालू असताना बाहेरची वीज आली तर मशीन जळतं. म्हणजे मेन पाडायचा तो मशीनसाठी. बाहेरची वीज तर आज येतच नाही, कोपऱ्यावर तार तुटलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. आणि दहा मिनिटांचा तर प्रश्न. दहा मिनिटं वाफ द्यायची आणि बंद करायचं. वीज बाहेरून आत येते, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सगळ्यांच्याच असतं.

ती स्टुलावरून उतरली. सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, मशीनमध्ये औषध ओतलं, मास्क त्यांच्या हाती दिला. मग पुठ्ठ्यावरच्या उरलेल्या ओळी तिने एकेक करून मन लावून पाळल्या. दुतोंडी आधी भिंतीत लावली, मग जनरेटरला. तेल पाहिलं. पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला, पायाने मशीन दाबून धरून दोरीला झटका दिला. तिसऱ्या झटक्याला ते खोकत उठलं. चोक हळूहळू आत. दोन मिनिटं नुसतं चालू दिलं. मग जनरेटरचा खटका वर केला. आवाज जरा खोल गेला आणि घराच्या खिडक्या पिवळ्या झाल्या.

आत आली तेव्हा सासूबाईंच्या मास्कमधून वाफ निघत होती. फ्रिज गुरगुरत होता. तीन दिवसांनी घराला घर असल्याचा आवाज आला. ती त्यांच्या पायाशी बसून राहिली. हळूहळू शिटी बारीक झाली, ओठांवरचा निळेपणा उतरला. औषध संपल्यावर त्यांनी मास्क काढला, पदराने तोंड टिपलं आणि खिडकीकडे पाहून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या,

"बाई कामाला बसल्या वाटतं."

सुनेने मान वळवली.

समोरच्या घरात उजेड होता. माडीवरच्या खोलीत, शिवणाच्या मशीनवर लोंबणारा तो एकच बल्ब. बाई असताना गल्लीला त्याची सवय होती. शेवटचा टाका पडल्याशिवाय तो मालवायचा नाही, ही बाईंची जित्याची खोड. काचेवर आठ महिन्यांची धूळ होती, त्यामुळे उजेड दुधासारखा दिसत होता. आत छताचा पंखा फिरत होता. खिडकीशी हँगरला एक पांढरा झगा टांगलेला होता, एका बाहीचा. तो पंख्याच्या वाऱ्याने सावकाश वळत होता. पाठ दाखवायचा, मग कूस, मग पुढचा भाग. जणू कुणी अंगावर घालून माप देत उभं होतं.

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. वीज आली. ती धावत पुढच्या ओट्यावर गेली आणि तिथेच थबकली. कोपऱ्यापलीकडची घरं काळीठिक्कर होती. अलीकडच्या दोन घरांत मात्र उजेड. एकात जिवंत माणसं होती.

तिने डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतला आणि गल्ली ओलांडली. भाचा आला असेल. तीन दिवसांत कुणाला कळलं नसेल. पण शिंपीणबाईंच्या दाराचं कुलूप गंजून लाल झालं होतं आणि कडी-कोयंड्याला कोळ्याने विणलेलं जाळं तसंच्या तसं होतं, थेंब लागून चमकणारं. वरून पंख्याची करकर ऐकू येत होती. एक करकर, मग थोडं थांबून दुसरी. ती पाठमोरी न होता, उलट्या पावलांनी गल्ली ओलांडून परत आली.

घरात फ्रिज मधेच बंद पडून पुन्हा चालू झाला. चालू होताना त्याने एक झटका घेतला आणि स्वयंपाकघरातला दिवा क्षणभर मंद झाला. सून खिडकीत होती. समोरचा दिवाही मंद झाला. त्याच क्षणी.

तिला वाटलं, भास. ती फ्रिजपाशी गेली, त्याचं बटण बंद केलं. समोर उजेड वाढला. पाचेक मिनिटं तशीच खिडकीशी उभी राहून तिने पुन्हा चालू केलं. समोर उजेड दचकला, खाली गेला, सावरला. मागच्या अंगणात जनरेटर एकदा खोकला, तर बाईंचा पंखाही अडखळला आणि तो एका बाहीचा झगा वळता वळता थांबला. समोरच्या माडीवर बसून कुणी तिच्या मनगटाची नाडी धरली असावी, तसं तिला झालं.

सासूबाई विचारत होत्या, काय चाललंय गं तुझं बटणांशी. तिचं लक्ष नव्हतं. तिला पुठ्ठ्याची पहिली ओळ आठवत होती. त्या ओळीपुढे मशीन जळेल असं काही लिहिलेलं नव्हतं. नुसतंच 'मेन पाडणे'. मशीन जळण्याचं कारण तिने स्वतःच जोडलं होतं. तिची वीज घराबाहेर चालली होती. मेनच्या खटक्यातून तारेवर, तारेवरून समोरच्या माडीत. आणि तार काही समोरच्या माडीशी संपत नव्हती. ती पुढे जात होती, दाराशेजारच्या खांबावरून गल्लीभर, कोपऱ्यावरच्या त्या फांदीपर्यंत.

तिने खिडकीच्या गजांना गाल लावून कोपऱ्याकडे पाहिलं. झाडाला शिडी लागली होती. शिडीवर पिवळा रेनकोट होता.

बाकीच्या गल्ल्या झाल्या होत्या. शेवटची उरली होती ती करायला तो आला होता.

कुठून गेली, कशी गेली, हे तिला नंतर सांगता आलं नाही. मागच्या पायरीवर ती घसरली, कोपर सोलून निघालं. घाईत हात आधी पेट्रोलच्या कॉकवर गेला. तो बंद केला तरी मशीन आपलं चालूच. पोटात उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत ते चालणार, आणि तेवढ्या वेळात तो तार धरणार. मग तिला लाल बटण दिसलं. तळहाताने तिने ते दाबलं ते दाबलंच. जनरेटर बंद झाला तरी ती दाबतच होती.

सगळं एकदम शांत झालं. वाऱ्याचासुद्धा आवाज कमी वाटला. घरातून सासूबाईंनी हाक मारली. उत्तर न देता ती घराला वळसा घालून गल्लीत आली. समोरची खिडकी काळी होती. घोट्याएवढ्या पाण्यातून ती कोपऱ्याकडे निघाली. पळता येत नव्हतं, आणि खरं म्हणजे पळायची हिंमतही होत नव्हती. शिडी रिकामी होती. शिडीच्या पायथ्याशी चिखलात पिवळा रेनकोट पसरलेला दिसत होता. आपण हाक मारावी का, आणि मारली नि उत्तर आलं नाही तर, असं करत करत तिने ती शंभर पावलं तोडली.

रेनकोट रिकामा होता.

झाडाच्या पलीकडच्या अंगाला, दगडावर, नवरा बसला होता. हातमोजे मांडीवर. त्याचा जोडीदार, ज्याला सगळं ऑफिस मामा म्हणायचं, तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. नवऱ्याने वर पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण तो पाहत होता, श्वास घेत होता.

"जनरेटर लावलास?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

"आणि मेन?"

"वरच," ती म्हणाली. तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. मग त्याने सांगितलं, की कोपऱ्यापलीकडची सगळी लाइन मागून बंद केलेली, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातलेले, तीन दिवसांची जागरणं. या तुकड्यात वीज असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. एरवी तो हात घालण्याआधी तारेला तपासायचा दिवा लावून पाहतो. आज कंटाळा केला. रेनकोट फांदीत अडकायला लागला म्हणून काढून खाली टाकला आणि तारेकडे हात केला.

"वीतभर राहिली होती," तो म्हणाला. "तेवढ्यात बाईंच्या खिडकीत उजेड दिसला. मनात आलं, बाई अजून बसल्यात. आणि मग आठवलं, बाई कुठल्या. हात तिथेच थांबला. तपासायचा दिवा लावला तर भसकन पेटला."

ती चिखलात खालीच बसली. आता रडू येत होतं. हुंदक्यांतून ती म्हणाली, की भाच्याचे उपकार मानायचे, जाताना बटणं बंद करायला विसरला म्हणून. नाहीतर आपली वीज तिकडे गेलीच नसती, आणि ह्यांना कळलंच नसतं.

मामांनी घसा खाकरला. मामा चेष्टेखोर माणूस, एरवी वहिनी दिसली की चहाची आठवण काढायचे. आज खाली बघूनच बोलले.

"भाच्याने अर्ज दिला होता, वहिनी. घर बंद राहणार म्हणून. बाईंच्या घराची वायर आम्हीच उतरवली, आठ महिने झाले. मी आणि ह्यांनी."

तिला आधी अर्थच लागला नाही. मग ती उठली आणि मागे वळून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. दोन घरांमधला खांब. खांबावरून एक वायर निघत होती आणि डावीकडे, तिच्या स्वतःच्या घराकडे जात होती. उजवीकडे काही नव्हतं. खांब आणि शिंपीणबाईंची माडी यांच्यामध्ये नुसतं आभाळ होतं. आठ महिने ती त्याखालून रोज शाळेत जात होती. मान वर करून पाहिलं नव्हतं.

"मग कसं," ती म्हणाली, आणि पुढचं विचारलं नाही. कारण दोघांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसल्याचं दोघांनाही तिच्यासमोर बोलून दाखवायचं नव्हतं.

पाऊस जरा ओसरला. तार काही आपोआप जोडली जाणार नव्हती. नवरा उठला, हातमोजे चढवले. तिला म्हणाला, तू जा घरी, आई एकटी आहे. ती म्हणाली, आईंना आता बरं आहे, मी थांबते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्याला खांबाजवळ काम करताना तिने कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. घरातल्या बायका पाहत नसत. त्याने शिडीचा एक पाय तिच्या हाती दिला.

या वेळी त्याने तारेला दिवा तीनदा लावला. तिन्ही वेळा अंधार. मग जमिनीत गज ठोकून साखळी तारेला अडकवली, कुठून चुकून वीज आलीच तर जमिनीत जावी म्हणून. मग चढला.

मामांनी शिडीचा दुसरा पाय धरला होता. ते तिच्यासमोर उभे होते, म्हणजे शिंपीणबाईंचं घर त्यांच्या डोळ्यांसमोर आणि तिच्या पाठीशी. वर पक्कडीचा आवाज येत होता. तारेचा एक पीळ, दुसरा पीळ. मध्येच तिच्या लक्षात आलं, की मामांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी सावकाश डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घातली. तिच्या मानेवर गार वारा फिरला. तिने वळून पाहिलं नाही. वर, त्याच्या टाचांकडे पाहत राहिली.

"झालं," नवरा वरून म्हणाला. "पायरी दिसत नाही मला. धर जरा."

तिने हात उंचावून त्याचा घोटा धरला आणि पायरीवर टेकवला. बूट चिखलाने भरलेला होता, पँटचं टोक भिजून चिंब. आत घोटा चांगला ऊबदार होता. दुसराही तिने तसाच उतरवून घेतला, आणि तो जमिनीवर आला तरी सोडला नाही.